कमलिनीबाईंचा तोरा, मुक्काम कलबा

"तोंडातून चकार शब्द काढायचा नाही," शारजा सोडून वाटेतलं धैद गाव मागे पडलं तशी कमलिनीने नवऱ्याला पुन्हा बजावलं. "कुणी विचारलं, काम कसं चाललंय, तर उत्तम म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं मी बघते."

आत्माराम गाडी चालवत होता. "अगं, पण सिद्धार्थच्या कानावर घातलं तर बिघडतं काय? हमरियात त्याचं वर्कशॉप जोरात आहे. सगळे माणसं काढतायत आणि तो घेतोय. एक शब्द टाकला तर..."

"कुणाकडे? त्या एसीच्या डक्टवाल्याकडे?" कमलिनीचा आवाज असा चढला की मागच्या सीटवर कानात वायरी खुपसून बसलेल्या ओवीनेही मान वर केली. "आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला अर्धा बसून तुमच्याकडून कोटेशनं तपासून घ्यायचा तो. मी चहा नेला की उठून उभा राहायचा. त्याच्यापुढे आता आपण हात पसरायचा? त्यापेक्षा मी ठाण्याला घरी जाऊन उपाशी राहीन."

"मम्मा, कॅन यू प्लीज नॉट शाउट?" ओवी म्हणाली आणि पुन्हा वायरीत शिरली.

आता हे घरी जाऊन उपाशी राहणं नुसतं बोलण्यापुरतं उरलं नव्हतं, ही खरी पंचाईत. दोन हजार दहाचा फेब्रुवारी चालू होता. तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे दुबईतले टॉवर कमरेएवढे होऊन थांबले. आत्मारामच्या कंपनीतून माणसं जायला लागली. वर्षभर तो वाचला, पण जानेवारीत त्यालाही बोलावणं आलं. इमारतीला लोखंड किती, सिमेंट किती, याचा अंदाज बांधण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेलेली. इमारतीच उठेनात तर अंदाज कसले बांधणार, डोंबल? महिनाअखेरीला पगार खलास आणि पाठोपाठ व्हिसाही. तोवर दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं. नाहीतर शारजातला, अल मजाजचा तळ्यासमोरचा फ्लॅट सोडायचा, ओवीची शाळा मध्येच तोडायची आणि ठाण्याला परत. एवढं डोक्यावर लटकत असताना बाई नवा गॉगल लावून सहलीला निघाल्या होत्या. न निघाल्या असत्या तर लोकांना शंका आली असती ना!

आणि शंका घ्यायचा मक्ता मजाजमधल्या मराठी मंडळींत एकट्या कमलिनीकडे होता. वर्षभरात जे जे कुटुंब परत गेलं, त्याची चिरफाड तिच्याच डायनिंग टेबलावर झाली. जाणारे बिचारे काहीबाही सांगायचे. आईची तब्येत बरी नसते, पोरांना मराठी येत नाही, आता तिकडेच काहीतरी सुरू करायचं म्हणतो. "आई म्हणे!" कमलिनी निरोपाच्याच पंक्तीत श्रीखंड वाढता वाढता पुटपुटायची. "इतकी वर्षं आई आठवली नाही. एचआरने केबिनमध्ये बोलावल्यावर बरी आठवली." बायका पदराआड, ओढणीआड खुसुखुसु हसायच्या. जाणाऱ्या बाईलाही ते ऐकू जायचं, पण काय बोलणार? ती मुकाट्याने पुरी मोडायची.

सुजीतने तर कहरच केला. हा आत्मारामच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, डिसेंबरात त्याला काढलं. त्याने आई नाही, बाप नाही, सरळ सगळ्यांना सांगितलं, "माझी नोकरी गेली. कुठे काही असेल तर सांगा." कमलिनीला हे इतकं किळसवाणं वाटलं की तिने चार दिवस दुसरा विषय काढला नाही. "लाजबीज काही आहे की नाही मेल्याला? लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तसा सीव्ही वाटत फिरतोय. आणि ती इरा! डोळे पुसत लोकांच्या घरी. माझ्यावर आली असती ना अशी वेळ, तर शेजारणीला पत्ता लागू दिला नसता मी." महिन्याभरात वेळ आली. आणि शेजारणीला खरंच पत्ता लागला नाही, एवढं श्रेय बाईंना द्यायला हवं.

सहलीची टूम सिद्धार्थ चौबळची. त्याचा धाकटा भाऊ अमेरिकेत लुइझियानाला असतो. सिद्धार्थ आणि त्याची बायको ऋता दिवाळीत तिकडे जाऊन आले, तेव्हापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द, बायू. तिकडे म्हणे दलदलीतल्या संथ पाण्याच्या काठाने चिमुकली गावं असतात. सकाळी गावात हिंडून खरेदी करायची, दुपारी होडी वल्हवायची, संध्याकाळी तळ्याकाठी तंबू ठोकून मस्त शेगडी पेटवायची. "अहो, आपल्याकडे काय कमी आहे?" सिद्धार्थने घरोघर फोन केले. "मसाफीला खरेदी, कलब्याच्या खाडीत होडी, आणि तिथेच कँप. आपला देशी बायू! यल्ला, निघा!"

"सांगोल्याला टँकरमागे कळशी घेऊन पळायचा," फोन ठेवून कमलिनी म्हणाली होती, "आणि आता आम्हाला बायू दाखवतोय."

मसाफीला डोंगराच्या कुशीत हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार पसरलेला असतो. टांगलेले गालिचे, मातीची भांडी, फळांचे ढीग, रोपं, फुगवलेली प्लास्टिकची डायनासोरं. सिद्धार्थ आणि ऋता आधीच येऊन थांबले होते, सोबत त्यांचा मुलगा वेदांग. सूर्यकांत आणि छाया हे जोडपंही आलं होतं. सूर्यकांत बँकेत, त्यामुळे त्याला कुणाच्या खात्यात काय चाललंय ते कळायचं आणि तो बोलायचा नाही; छायाला काहीच कळायचं नाही आणि ती सारखी विचारायची.

आता या बाजारात कमलिनीची एक कसोटी होती आणि ती तिनेच सगळ्यांना शिकवलेली. गल्फमधला माणूस राहणार की जाणार, हे ओळखायचं असेल तर तो विकत काय घेतो ते बघायचं. जाडजूड ब्लँकेट, खजुराचे डबे, पिस्ते, टँगचा मोठा डबा, हे घेतलं की समजावं, बॅगा खाली काढल्या. कुंडी घेतली, झाड घेतलं, गालिचा घेतला की माणूस राहतोय. विमानात कुंडी कोण नेणार?

"कमलताई, हे ब्लँकेट बघा ना, कसलं मऊ आहे!" ऋताने हाक मारली. "सासूबाईंना पाठवते."

कमलिनीने ब्लँकेटला बोटसुद्धा लावलं नाही. विंचू असावा तशी ती दोन हात लांब उभी राहिली.

"तुम्ही नाही घेत?" छायाने लगेच विचारलं. "ठाण्याला देऊन ठेवायला?"

"आम्हाला काय करायचंय ब्लँकेट? आम्ही कुठे चाललोय?" असं म्हणून कमलिनी जी रोपवाल्याकडे वळली, ती थांबेचना. एक बोगनवेल, तीही कंबरेएवढी. दोन लाल मातीच्या कुंड्या. एक लिंबाचं झाड, ज्याला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतील असं रोपवाल्याने सांगितल्यावर तिने तेच निवडलं, आणि "चालेल, चालेल, आम्हाला घाई नाही" हे छायाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. आत्माराम मागून कुंड्या वाहत होता. वाहून वाहून तो घामाघूम झाला, फेब्रुवारीत.

मग हमदुल्लाचं दुकान. हमदुल्ला पेशावरकडचा, दाढी मेंदीने रंगवलेली, गिऱ्हाईक ओळखण्यात तयार. त्याने बाईंचा आव बघितला आणि सरळ सगळ्यात मोठा गालिचा उलगडला. "बाजी, असली माल. पचास साल चलेगा."

"पचास का क्या करना है, भाई? हमको दस-बारा साल का दो," कमलिनी ठसक्यात म्हणाली. सगळे हसले. छायाही हसली. कमलिनीला बरं वाटलं.

"अगं, आठशे दिरहम म्हणतोय तो," आत्माराम तिच्या कानाशी लागला. "म्हणजे दहा हजार रुपये. आत्ता, या घडीला?"

"हळू बोला. आणि हसा. छाया बघतेय."

आत्माराम हसला. असं हसू मेलेल्या माणसाच्या फोटोत बरं दिसतं. सिद्धार्थ धावत आला, त्याने स्वतः गालिचा खांद्यावर घेतला, गाडीच्या टपावर चढवला आणि दोऱ्या आवळून दिल्या. "साहेब, लांबचा बेत दिसतोय!" तो खुशीत म्हणाला. सगळ्या शारजात आत्मारामला अजून साहेब म्हणणारा हा एवढा एकच माणूस उरला होता. "हं," आत्माराम म्हणाला. हमाली बरी जमते, कमलिनीच्या मनात आलं, जात्याच सवय.

कलबा म्हणजे समुद्रकाठचं लहानसं गाव. चार दुकानं, एक मासळीबाजार, म्हाताऱ्या मच्छिमारांच्या गप्पा आणि गावाबाहेर डोंगर-समुद्राच्या मध्ये पसरलेली खाडी, दाट तिवरांनी भरलेली. पाणी इतकं संथ की बगळा उडाला तरी कळावा. दुसरं कुणी असतं तर क्षणभर गप्प झालं असतं. कमलिनीने नाकाला रुमाल लावला.

"चिखलाचा वास आहे हा! यासाठी माणसं अमेरिकेला जातात?"

होड्या भाड्याने देणारा इद्रीस उंच, हसरा आणि ठाम होता. लांबट, दोन माणसांच्या प्लास्टिकच्या होड्या. नवरा-बायको असा हिशेब तो मानायला तयार नव्हता; वजनाचाच हिशेब. जड माणूस मागे, हलका माणूस पुढे. त्याने सिद्धार्थच्या पोटाकडे पाहिलं, कमलिनीच्या काडीसारख्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "यल्ला, हबीबी. बिग मॅन, स्मॉल मॅडम."

झालं. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्या पायांमध्ये पाठ करून बसायची पाळी आली. आत्माराम छायाबरोबर गेला, सूर्यकांत ऋताबरोबर. ओवी आणि वेदांग केव्हाच वल्ही मारत तिवरांत दिसेनासे झाले होते.

कमलिनीचं वल्हं पाण्यापेक्षा हवेतच जास्त फिरत होतं. सिद्धार्थ मागून एकटाच होडी ओढत होता आणि वर "छान, वहिनी, जमतंय" असंही म्हणत होता. जमत काहीच नव्हतं. होडी तिवरांच्या मुळ्यांत जाऊन रुतली. सिद्धार्थ खाली उतरला, गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि बाईंसकट होडी ढकलून मोकळी केली. बाई बसूनच होत्या. पँट चिखलाने बरबटून तो परत मागे चढून बसला तेव्हा त्या पुढे बघत म्हणाल्या, "हळू हो, पाणी उडतंय माझ्यावर."

थोडं पुढे गेल्यावर सिद्धार्थने घसा साफ केला. "वहिनी, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"साहेबांच्या कंपनीचं काहीबाही कानावर येतंय. मोठी मोठी माणसं काढली म्हणतात. साहेबांचं ठीक आहे ना सगळं? नाही, घरचा म्हणून विचारतो. काय आहे, माझ्याकडे सध्या..."

'माझ्याकडे' या शब्दाला कमलिनीच्या अंगाची लाहीलाही झाली. याच्याकडे! म्हणजे आता हा दयाळूपणा करणार, आणि उद्या ऋता मैत्रिणींना सांगणार, आम्हीच सांभाळून घेतलं हो त्यांना. तिने त्याचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही.

"ठीक म्हणजे काय, भाऊजी? प्रमोशन झालंय त्यांचं! तुम्हाला बोलले नाहीत? ते तसेच, मेले मिरवणार म्हणून नाहीत कधी. अल ऐनला मोठं काम आलंय, सगळं यांच्यावर सोपवलंय. मी तर म्हणतेय, या वर्षी गाडी बदलून टाकू."

मागचं वल्हं थांबलं. होडी आपसूक तरंगत राहिली.

"अरे वा," सिद्धार्थ म्हणाला. "अरे वा. फार छान झालं, वहिनी. मला उगाच काळजी लागून राहिली होती."

कमलिनीने त्यातून आपल्याला हवं तेवढं ऐकलं. जळला, ती मनात म्हणाली. चांगला जळला मेला. मागे वळून बघायचीही तिला गरज वाटली नाही. माणूस मागे बसला की तोंड दिसत नाही हे खरं, पण या बाईला समोर बसवलं असतं तरी तिने ते वाचलं असतं असं नाही.

काठावर परत आल्यावर तंबू ठोकायचं काम. कलत्या उन्हात आत्माराम खुंट्या ठोकत होता, कमलिनी दोरी धरून उभी होती. त्याने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "कमल, मी ठरवलंय. आज शेगडीशी बसलो की सिद्धार्थशी बोलतो. तू हवं तर तेव्हा लांब जा."

"आता बोलूनच बघा! मी त्याला तुमचं प्रमोशन झाल्याचं सांगितलंय."

आत्मारामचा हातोडा तसाच वर राहिला. "काय सांगितलंयस?"

"प्रमोशन. अल ऐनला. टोचून विचारत होता, मग काय करणार? आता तुम्ही तोंड उघडलंत तर सगळ्यांदेखत मी खोटारडी ठरेन. त्या छायाच्या समोर! मी जीव देईन, सांगून ठेवते."

"एकच दार उरलं होतं गं आपल्याला," आत्माराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावण्याची त्याला सवयच राहिली नव्हती. "बाकी सगळीकडे जाऊन आलोय मी. सगळीकडे. निदान मला विचारायचं तरी होतंस."

"एवढं घाबरायला काही नको. मिळेल दुसरीकडे, इन्शाल्ला."

"कुठे?" त्याने विचारलं. कमलिनीने दोरी ओढून धरली आणि तंबू वाकडा लागलाय म्हणून सांगितलं.

सूर्य डोंगराआड जाता जाता सिद्धार्थने कोळसा फुलवला. चिकनला मसाला चोळून आणलेला होता. कमलिनी शाकाहारी म्हणून तिच्यासाठी तो एक वेगळी छोटी शेगडी घेऊन आला होता, वेगळा चिमटा, वेगळ्या सळया, पनीर आणि सिमला मिरची. "वहिनी, याला दुसरं काही लागलेलं नाही, शप्पथ," तो म्हणाला. त्यावर कमलिनी "बरं" म्हणाली. ऋता खुर्च्या मांडत म्हणाली, "काय मस्त वाटतंय ना, अगदी लेकसाइड!" आणि कमलिनी छायाकडे झुकून म्हणाली, "खाडीला लेक म्हटलं की झाली यांची अमेरिका." मुलं पाण्याच्या कडेला खेकडे हुडकत होती.

कागदी ताटल्या फिरल्या. सिद्धार्थने चिकन उलटं केलं आणि मान वर न करता म्हणाला, "साहेब, एक सल्ला पाहिजे होता."

"बोल ना."

"मला एक मोठं काम मिळालंय. शाळा, दवाखाने, जुन्या सगळ्या इमारतींचे एसीचे डक्ट बदलायचे. कित्येक वर्षांचं काम आहे. नवं बांधकाम बंद पडलं, पण जुनं तर दुरुस्त करावंच लागणार ना? तर एस्टिमेशनला मुख्य माणूस पाहिजे. व्हिसा, घरभाडं, मुलांची शाळा, सगळं देतोय. रविवारी आठवडा सुरू झाला की सकाळी खुर्चीवर माणूस बसायला पाहिजे, नाहीतर क्लायंट माझी मान धरणार." तो जरा घुटमळला. "आता खरं सांगायला हरकत नाही. ही खुर्ची मी तुमच्यासाठी अडवून ठेवली होती. तुमच्या कंपनीचं ऐकून होतो. म्हटलं, साहेबांना ऑफिसात बोलावून विचारणं शोभत नाही. सगळे मिळून कुठेतरी जाऊ, गप्पांत सहज विचारू. सहल त्यासाठीच काढली, हो. पण दुपारी वहिनींनी प्रमोशनचं सांगितलं. जीव भांड्यात पडला माझा. मग आता तुमच्या नजरेत दुसरा कुणी आहे का?"

आत्मारामने ताटली मांडीवर ठेवली.

"प्रमोशन?" छाया ताठ बसली. "या दिवसांत? अय्या, आणि आम्हाला पत्ताच नाही! काय झालात, भाऊजी? मॅनेजर?"

सूर्यकांत कोळशाकडे बघत होता. त्याला बहुतेक माहीत होतं.

सगळे आत्मारामकडे बघत होते आणि आत्माराम बायकोकडे. काय म्हणायचं होतं तिने? "गंमत केली हो मी, भाऊजी." एवढंच. सिद्धार्थ हसला असता, कदाचित डोळे पुसले असते, आणि रविवारी सकाळी आत्माराम हमरियाला गेला असता. छाया आठवडाभर बोलली असती आणि मग तिला दुसरं कुणी मिळालं असतं. हे कमलिनीला कळत नव्हतं असं अजिबात समजू नका. चांगलं कळत होतं. पण समोर छायाची ती वर गेलेली भुवई होती, आणि त्या भुवईसमोर खाली बघणं या बाईला जमेना. घर, शाळा, नवरा, सगळं एका तागडीत टाकलं तरी ते जमेना.

"सुजीत आहे की," कमलिनी म्हणाली.

तिचा आवाज छान लागला. दानशूर, जरा थकलेला. "बिचारा घरी बसलाय. सामान विकायला काढलंय त्यांनी. त्याला द्या ना, भाऊजी. आपणच आपल्या माणसांचं बघायला नको?"

"सुजीत?" सिद्धार्थ आत्मारामकडे वळला. "साहेब, पेलेल त्याला?"

खाडीवर एक बगळा उतरला, तो आत्मारामने पूर्ण उतरेपर्यंत पाहिला. मग म्हणाला, "पेलेल. चांगला आहे. मीच शिकवलंय त्याला."

सिद्धार्थ कामाला उशीर करणारा माणूस नव्हता. तिथल्या तिथे चिमटा डाव्या हातात घेऊन त्याने फोन लावला. "सुजीत, सिद्धार्थ चौबळ बोलतोय. रविवारी सकाळी हमरियाला येशील का? नाही रे, इंटरव्ह्यूला नाही. जॉइन व्हायला." पलीकडे काय झालं ते ऐकू आलं नाही, पण सिद्धार्थचे डोळे ओले झाले. "मला थँक्यू नको म्हणू. तुझ्यासाठी शब्द कमलिनीवहिनींनी टाकला. हो, हो, इथेच आहेत. इराला दे, मी वहिनींना देतो."

आणि फोन कमलिनीच्या हातात आला.

"कमलताई?" इरा हुंदके देत होती. "ताई, तुम्ही? मला वाटायचं, तुम्ही आम्हाला हसता. कुणी कुणी येऊन सांगायचं मला. मी किती वाईट बोलले असेन तुमच्याबद्दल, ताई, मला माफ करा. आज सोफा घेऊन गेले हो आमचा. पोरगी जमिनीवर बसून अभ्यास करतेय. आणि तुम्ही... तुमचं कल्याण होईल बघा. तुमच्या घराला कधी काही कमी पडणार नाही."

"असू दे, असू दे," कमलिनी म्हणाली.

ऋता तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशा नजरेने बघणारं माणूस कमलिनीने इतकी वर्षं शोधलं होतं. छायाची भुवई खाली आली होती. सिद्धार्थने तर हात जोडले. सगळा मान, सगळं कौतुक एका संध्याकाळी पदरात पडलं होतं. आत्माराम तेवढा तिच्याकडे बघत नव्हता. त्याने तिची छोटी शेगडी पुढे ओढली, करपलेलं पनीर काढून बाजूला केलं आणि चांगले तुकडे तिच्या ताटलीत ठेवले.

"ताई, एक विचारू?" इराने नाक पुसलं असावं. "आम्ही फ्लॅट सोडायची नोटीस देऊन बसलोय, आणि तिथे दुसऱ्यांनी वर्षाच्या भाड्याचे चेकही दिलेत. आता राहायचं ठरलं तर घर बघायला हवं. तुमच्या बिल्डिंगमध्ये महिनाअखेरीला एखादा रिकामा होतोय का हो? तळ्यासमोर नसला तरी चालेल."

नाही, असं म्हणायला कमलिनीने तोंड उघडलं. मग तिने ताटलीत आत्मारामने निवडून ठेवलेल्या पनीरकडे बघितलं. त्या माणसासमोर आणखी एक खोटं तिला सांगवेना.

"होतोय," ती म्हणाली. "तळ्यासमोरचाच. आमचा."

"काय सांगता! मोठं घर घेतलंत?"

"नाही गं." सगळे ऐकत होते, छायासुद्धा, आणि आता ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. "ठाण्याला चाललोय. यांची नोकरी गेली जानेवारीत."

सिद्धार्थने चिमटा खाली ठेवला. त्याने आत्मारामकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि पुन्हा आत्मारामकडे. "साहेब," तो म्हणाला, "साहेब, मी त्याला शब्द दिला हो." आत्मारामने मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कमलिनीच्या हातातल्या फोनमधून इरा अजून "हॅलो, ताई, हॅलो" करत होती.